गुरुबसप्पांचा उन्हाळी वर्ग

गुरुबसप्पा तोळनुरे यांनी अख्खी नोकरी सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर, चौकशीच्या खिडकीमागे माइकसमोर बसून काढली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठली उशिरा येणार आहे आणि कुठली येणारच नाही, हे सगळं ते एकाच आवाजात सांगत. त्या आवाजात घाई नसे आणि दिलगिरीही नसे. अक्कलकोटची गाडी रद्द झाल्याचं ऐकतानासुद्धा माणसाला वाटायचं, काहीतरी बऱ्यासाठीच झालं असणार. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना शाल, नारळ आणि खांद्याला अडकवायचा स्पीकर असलेला एक माइक दिला. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली आणि माइक टीव्हीशेजारी जाऊन बसला.

घरात सांगण्यासारखं फारसं काही घडत नव्हतं. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेलेली, घरात ते आणि निंगव्वा दोघंच. निंगव्वांचं माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं, त्यामुळे नवराबायकोचं बोलणं कानडीतून चालायचं. निंगव्वांना मराठी सगळं समजे, पण बोलताना तो, ती, ते यांची अदलाबदल व्हायची आणि लोक हसायचे, म्हणून त्या बाहेर बोलतच नसत. घरातही बेताचंच बोलत. गुरुबसप्पांचं तसं नव्हतं. दूधवाला आला की ते आतल्या खोलीकडे तोंड करून, दूधवाला आलेला आहे, असं सांगत. कुकरच्या शिट्ट्या सांगत. नळाला पाणी आलं की ते किती वेळाने जाण्याची शक्यता आहे तेही सांगत. काही महिने निंगव्वांनी हे ऐकून घेतलं. मग एका संध्याकाळी त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "साकु री." म्हणजे पुरे. आणि आज कॉलनीची मीटिंग आहे, तिकडे जाऊन या, असं त्यांनी सुचवलं.

शाकंभरी नगर हे विजापूर रोडवरून आत वळल्यावर लागतं. कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा होती. कागदावर तिचं नाव 'खुली जागा' असलं तरी तिथे वेडी बाभूळ, घरं बांधून उरलेला राडारोडा आणि कुत्री असल्यामुळे ती खुली अशी कधी नव्हतीच. त्या जागेचं काय करायचं यावर मीटिंग होती. कोणाला सभामंडप हवा होता. मंडप कॉन्ट्रॅक्टर महेश्वर यांना पार्किंग हवं होतं, कारण त्यांचे दोन टेम्पो गल्लीत उभे असत आणि रोज कोणीतरी काचेवर बोटाने काहीबाही लिहून जाई. शेवटी बाग ठरली. एक संस्था बाग शिकवायला फुकट शिक्षिका पाठवायला तयार होती, आणि पार्किंगसाठी कोणी फुकट काही पाठवत नाही. संस्थेला फक्त कॉलनीतला एक समन्वयक हवा होता.

"वेळ कुणाला आहे?" सेक्रेटरींनी विचारलं. सगळ्यांनी गुरुबसप्पांकडे पाहिलं.

"मी कुत्र्यांची तक्रार घेऊन आलतो," गुरुबसप्पा म्हणाले.

"ते बागेतच येतंय की," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी नाव लिहून घेतलं.

शिक्षिकेचं नाव रुपाली. शेतकी कॉलेजातून पदवी घेतलेली, कुर्डुवाडीची मुलगी. दर रविवारी सकाळच्या गाडीने यायची आणि दुपारच्या गाडीने परत जायची. दिवाळी नुकतीच झालेली, हवेत गारवा. जेसीबीने बाभळी उपटल्या, राडारोडा एका कोपऱ्यात लोटला आणि वर्ग सुरू झाला. पंधरावीस बायका आणि निवृत्त झालेले दोघंतिघं पुरुष येत. गुरुबसप्पा माइक घेऊन उभे राहत. "बागकामाचा वर्ग थोड्याच वेळात सुरू होत आहे. भगिनींनी आपापली खुरपी सोबत ठेवावीत," असं ते सांगत, आणि ज्या बायका आधीच खुरपी घेऊन समोर बसलेल्या असत त्या एकदा आपल्या खुरप्याकडे बघून घेत.

रुपाली चांगलं शिकवायची. काळी माती भिजली की चिकटते आणि वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात शेणखत आणि वाळलेला पालापाचोळा किती मिसळायचा, रोप कसं उचलायचं, स्वयंपाकघरातल्या सालपटांचं खत कसं करायचं, हे ती हाताने करून दाखवायची. मेथी आली, पालक आला, कोथिंबीर आली. टोमॅटो इतके आले की शेजाऱ्यांनी दार उघडायचं बंद केलं. थंडी संपेपर्यंत शाकंभरी नगरातल्या प्रत्येकाची खात्री पटली होती, की आपल्याला बागकाम येतं. सगळ्यांत जास्त खात्री गुरुबसप्पांना होती. वास्तविक त्यांनी मातीला हात लावलेला नव्हता. एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात स्पीकरचा पट्टा असायचा.

महाशिवरात्रीच्या सुमाराला रुपालीला सरकारी नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली ती थेट नंदुरबारला. शेवटच्या रविवारी वर्गाने तिला साडी दिली. गुरुबसप्पा तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले.

"काका, आता उन्हाळ्यात नवीन काही लावू नका," ती म्हणाली. "कढीपत्ता, शेवगा जगवा, तेवढंच बास. आणि लावायचंच झालं तर मला आधी फोन करा."

"निश्चितपणे," गुरुबसप्पा म्हणाले.

पुढच्या रविवारी संस्थेकडून कोणी आलं नाही. वर्ग मात्र आला. बायका खुरपी घेऊन बसल्या आणि माइक ज्याच्या हातात होता त्याच्याकडे बघू लागल्या. गुरुबसप्पांनी घसा साफ केला. समोर माणसं बसलेली, बोलायचं ठरलेलं, आणि आपल्याला सांगायला काहीच नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

"पुढच्या रविवारपासून उन्हाळी वर्ग सुरू होईल," ते म्हणाले.

तो आठवडा त्यांनी मोबाइलवर कानडी व्हिडिओ बघण्यात घालवला. व्हिडिओतला माणूस गोड बोलायचा. त्याच्या मागे सुपारीची झाडं दिसायची आणि सुपारीच्या मागे धुकं. तो रोज नवीन भाजी लावायचा आणि ती रोज यायची. त्याने लेट्युस नावाची एक पालेभाजी लावली होती. ती इतकी टवटवीत होती की गुरुबसप्पांनी व्हिडिओ थांबवून निंगव्वांना दाखवली.

"तिथं स्वेटर घातलाय त्यानं," निंगव्वा कानडीत म्हणाल्या.

गुरुबसप्पांनी स्वेटरकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी लेट्युसचं आणि ढोबळी मिरचीचं बी मागवलं, वर्गाला वाटलं आणि पेरायला लावलं. रुपालीला फोन करायचं त्यांच्या डोक्यात आलं होतं. पण समन्वयकाने प्रत्येक गोष्ट विचारून करायची म्हटल्यावर समन्वय तो काय राहिला, असं त्यांना वाटलं.

वर्गात नागम्मा म्हणून एक बाई होत्या. त्यांच्या घरी टॉवेलचे यंत्रमाग होते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि यंत्रमागावर दोन्ही. त्यांनी लेट्युसचं बी तळहातावर घेऊन पाहिलं.

"अण्णा, हे शिजवायचं का कच्चं खायचं?"

"कच्चं."

"मग एवढं कशाला पेरायलोय आपण?" नागम्मा म्हणाल्या. तरी त्यांनी पेरलं. त्यांना शिकायची हौस होती आणि घरी सुनेचं राज्य होतं.

लेट्युस उगवलं. बोटभर झालं, आणि एका आठवड्यात मध्येच उंच दांडा काढून मरून गेलं. ज्यांनी मरायच्या आधी चाखून पाहिलं, त्यांनी ते कडू असल्याचं सांगितलं. ढोबळी मिरचीला फुलं लागली आणि सगळीच्या सगळी गळून मातीवर पडली. मागे उरलेल्या मेथीचं पिवळं चिपाड झालं. गुरुबसप्पांनी दर रविवारी माइकवरून परिस्थिती सांगितली. "लेट्युस काही तांत्रिक कारणामुळे येऊ शकलेलं नाही. ढोबळी मिरचीला विलंब होत आहे." त्यांच्या आवाजात नेहमीचा विश्वास असल्यामुळे दोनतीन आठवडे वर्ग शांत राहिला. मग माणसं कमी व्हायला लागली. महेश्वर एकदा कुंपणापाशी उभे राहून सगळं ऐकत होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "तोळनुरे साहेब, गाडीला पाणी लागत न्हाय."

हे गुरुबसप्पांना लागलं. चूक कुठे होते आहे याचा विचार त्यांनी केला, आणि झाडांना पाणी कमी पडतंय, असं ठरवलं. कॉलनीला चारपाच दिवसांतून एकदा पाणी यायचं. बागेच्या कोपऱ्यातल्या टाकीत ते भरून ठेवलेलं असे आणि काळा पाइप वाफ्यांवरून पसरलेला असे. एप्रिल संपत आला होता. दुपारी रोपं माना टाकत, म्हणून गुरुबसप्पा दुपारीच पाणी घालायला जाऊ लागले. उन्हात तापलेल्या पाइपातून सुरुवातीला जे पाणी यायचं त्यात चहा झाला असता. ते मुळांवर पडलं की रोप संध्याकाळपर्यंत कायमचं बसायचं. मग दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पा आणखी लवकर जायचे, म्हणजे जास्त उन्हात.

"ऊन लई हाय, अण्णा," नागम्मांनी एकदा बजावलं.

"झाडांना न्हाय का ऊन?" गुरुबसप्पा म्हणाले.

मे महिन्यातल्या एका दुपारी नागम्मा गच्चीवर वाळत घातलेले पापड उलटायला गेल्या होत्या. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. एवढ्यात त्यांच्या कानावर स्पष्ट, खणखणीत आवाज आला. "मंगळवेढ्याकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी आपले सामान तपासून घ्यावे." आधी त्यांना वाटलं कोणाचा तरी टीव्ही. मग त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. गुरुबसप्पा एका कोरड्या वाफ्यात ताठ उभे होते. एका हातात पाइप, दुसऱ्या हातात माइक. पाणी त्यांच्या चपलांवर पडत होतं. मंगळवेढ्याची गाडी सुटल्यावर त्यांनी सांगोल्याची लावली.

नागम्मा जिना उतरून धावल्या. हाक मारली तर गुरुबसप्पांनी त्यांना शांतपणे चौकशीची खिडकी पलीकडे असल्याचं सांगितलं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. नागम्मांनी त्यांच्या हातातला पाइप काढून बाजूला टाकला, टाकीच्या सावलीतल्या बादलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं आणि समोरच्या घराचं दार वाजवलं. ते दार महेश्वर यांचं होतं. महेश्वर जेवून आडवे झाले होते. त्यांनी काही विचारलं नाही. टेम्पोत घडीच्या खुर्च्या भरलेल्या होत्या, त्या खाली घ्यायला वेळ नव्हता. खुर्च्यांच्या मधल्या जागेत मंडपाचं कापड अंथरून गुरुबसप्पांना झोपवलं, निंगव्वांना घरातून बोलावून शेजारी बसवलं आणि हॉर्नवर हात ठेवून दवाखाना गाठला. वाटेत गुरुबसप्पांनी पंढरपूर, बार्शी आणि तुळजापूर या तीन गाड्या सोडल्या. निंगव्वा ओल्या पदराने त्यांचा चेहरा पुसत होत्या.  प्रत्येक गाडीनंतर त्या मान हलवायच्या, ऐकलं असं सांगायला.

दोन दिवस कठीण गेले. मग ताप उतरला आणि गुरुबसप्पांना आपण कुठे आहोत ते कळलं. डॉक्टर तरुण होते.

"उन्हात जायचं नाही," त्यांनी सांगितलं.

"कधीपर्यंत?"

"पाऊस सुरू होईपर्यंत."

"पावसाचं निश्चित काही सांगता येत नाही."

"मग निश्चित सांगता येईल तोपर्यंत," डॉक्टर म्हणाले.

गुरुबसप्पा घरी आले आणि पलंगावर बसले. खिडकी बागेच्या विरुद्ध बाजूला, गल्लीकडे होती. माइक बागेतच पडून राहिला होता आणि त्यात पाणी गेलं होतं. अशक्तपणा इतका होता की स्वतःचा आवाज त्यांना स्वतःलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटायचा. वर्ग बंद पडला असेल याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तरी रविवारी त्यांनी निंगव्वांना बघून यायला सांगितलं. निंगव्वा त्याआधी बागेत कधी गेल्या नव्हत्या. त्या सकाळी गेल्या आणि ऊन चढायच्या आत परत आल्या.

"कोणी होतं?" गुरुबसप्पांनी विचारलं.

"होते."

"शिकवलं कुणी?"

"कोणी नाही. भांडत होत्या सगळ्या."

"कशावरून?"

"माठावरून," निंगव्वा म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

झालं होतं असं. नागम्मांनी नंदुरबारला रुपालीला फोन लावला होता आणि झालेलं सगळं सांगितलं होतं. रुपालीने आधी काकांची तब्येत विचारली, मग बरंच काही सांगितलं. पण ती कुठल्याशा पाड्यावर होती आणि आवाज तुटत होता. माती उघडी ठेवू नका, उसाचं पाचट पसरा, हे ऐकू आलं. सावली करा, पाणी पहाटे घाला, हेही ऐकू आलं. आणि शेवटी ऐकू आलं, "माठ लावा." मग फोन कट झाला तो चार दिवस लागलाच नाही. निम्म्या बायकांचं म्हणणं पडलं, माठ म्हणजे पालेभाजी, तिला ऊन चालतं, ती पेरा. उरलेल्या म्हणाल्या, माठ म्हणजे मातीचा माठ, तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा आणि पाण्याने भरायचा, म्हणजे पाणी हळूहळू झिरपून मुळांना मिळतं. एकीने तसा व्हिडिओच बघितला होता. मिटवायला कोणी नसल्यामुळे दोन्ही पक्षांनी आपापला माठ लावला.

पुरणाऱ्यांनी पहिल्यांदा घरोघरचे जुने माठ आणले. त्यांची छिद्रं कधीच बुजलेली होती, एकातूनही पाणी पाझरलं नाही. चीर गेलेला एक होता, त्यातून सगळं पाणी एका तासात गेलं. मग कुंभाराकडून नवे आणले आणि त्यांच्याभोवती गवार आणि चवळी टोकली. पेरणाऱ्यांनी मातीवर पाचट पसरून ओळीत बी टाकलं. नागम्मांनी त्यात आपली अंबाडी घुसवली. त्यांच्या घरी ती गोंगुरा म्हणून जेवणात रोज लागायची आणि तिच्यावर त्यांनी कोणाचं काही ऐकून घेतलं नाही. वर सावलीला महेश्वर यांनी मंडपाची जुनी हिरवी जाळी दिली, बांबूसकट, आणि त्यांच्या माणसांनी ती लग्नाच्या मंडपासारखी कडक ताणून बांधली. महेश्वर म्हणाले, ती फाटली आहे, कुठेतरी टाकायचीच होती. ती फाटलेली नव्हती.

हे सगळं गुरुबसप्पांना रविवारी रविवारी, तुकड्या तुकड्याने कळत होतं. निंगव्वा एका वेळी एकच गोष्ट सांगत. एकदा त्या म्हणाल्या, "चवळी वर आली." पुढच्या रविवारी म्हणाल्या, "मी पण एक माठ भरते आता." गुरुबसप्पा ऐकून घेत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. त्यांना आनंद व्हायला हवा होता. वर्ग त्यांचा होता आणि वर्ग चालू होता. पण झाडं आपल्यामुळे मेली आणि आपण नसताना जगली, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की त्यातून जे निघायचं ते त्यांना गिळता येत नव्हतं.

एक दिवस निंगव्वांनी ताटात अंबाडीची भाजी वाढली.

"कुठली?" त्यांनी विचारलं, ठाऊक असून.

"बागेतली."

त्यांनी खाल्ली. आंबट, लसणीची फोडणी दिलेली, ज्वारीच्या भाकरीबरोबर जशी लागायला हवी तशी. दुसऱ्यांदा मागून घेतली. मग हात धुताना म्हणाले, "रुपालीनं मला सांगितलं होतं. फोन कर म्हणाली होती."

"माहीत आहे," निंगव्वा म्हणाल्या.

"कसं माहीत?"

"तिनं नागम्माला सांगितलं. नागम्मानं सगळ्यांना."

म्हणजे पूर्ण वर्गाला ठाऊक होतं. आणि तरी दर आठवड्याला कोणी ना कोणी त्यांची चौकशी करून जायचं, जाताना भाजी ठेवून जायचं. गुरुबसप्पा बराच वेळ वॉशबेसिनपाशी नळ सोडून उभे राहिले. निंगव्वांनी येऊन नळ बंद केला.

पाऊस दोनतीनदा बरा होऊन गेल्यावर ते बागेत गेले. सकाळची वेळ होती. बायका गोल करून बसल्या होत्या आणि एकमेकींना मावा किडीबद्दल सांगत होत्या. गुरुबसप्पा नेहमीच्या जागी, सगळ्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. कोणीतरी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. ती मागच्या बाजूला ठेवली. ते थोडा वेळ उभे राहिले, मग जाऊन खुर्चीवर बसले. किडीचं बोलणं पुढे चालू राहिलं. निंबोळीचा अर्क किती पातळ करायचा, यावर निंगव्वा काहीतरी म्हणाल्या. त्यांच्या मराठीत 'अर्क' स्त्रीलिंगी झाला होता. कोणी हसलं नाही. सगळ्यांनी ऐकून घेतलं. गुरुबसप्पांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू ती कुठल्या तरी वेगळ्या डेपोची आहे.

वर्ग उठल्यावर नागम्मा म्हणाल्या, "अण्णा, तुमचा वाफा तेवढा रिकामाय."

"माझा?"

"प्रत्येकाला एक दिलाय. तुमचा तो, टाकीजवळचा."

वाफ्यात नुसती माती होती, भुसभुशीत केलेली. नागम्मांनी त्यांच्या हातात गवारीचं बी दिलं. गुरुबसप्पा खाली बसले. गुडघे कुरकुरले. वाफ्यावर हात ठेवला आणि थांबले. बी जमिनीत किती खोल घालायचं हे त्यांनी रुपालीच्या वर्गात माइकवरून सांगितलेलं होतं, एकदा नाही, अनेकदा. ते नेमकं काय सांगितलं होतं हे त्यांना आता आठवेना, कारण ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"किती खाली घालू?" त्यांनी विचारलं.

नागम्मा आणि निंगव्वा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एखादी गोष्ट कशी करायची, असं या माणसाने विचारलेलं त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

"बोटाच्या दोन पेरांएवढं," नागम्मा म्हणाल्या.

"एक," निंगव्वा म्हणाल्या.

त्या दोघींचं तिथे चांगलंच वाजलं. गुरुबसप्पांनी तोवर अर्धी ओळ एका पेरावर आणि अर्धी दोन पेरांवर घातली. एका पेरावरचं सगळं उगवलं, दोन पेरांवरचं थोडं कमी आणि थोडं उशिरा. रोज सकाळी ते येऊन उकिडवे बसायचे आणि बघायचे. पहिल्या शेंगा त्यांनी स्वतः तोडल्या, महेश्वर यांच्या घरी नेऊन दिल्या. महेश्वर यांना गवार आवडत नव्हती. त्यांनी घेतली. गल्लीत टेम्पोच्या काचेवर लिहिणारं कोण आहे हे गुरुबसप्पांना खिडकीत बसून बसून समजलं होतं, ते त्यांनी जाता जाता सांगून टाकलं. तेव्हापासून महेश्वर त्यांना अण्णा म्हणतात.

माइक दुरुस्त होऊन आला. तो वर्गात फिरतो. ज्याचं झाड मेलं त्याने उठून ते कसं मेलं हे सांगायचं, अशी पद्धत आपोआप पडली आहे. गुरुबसप्पांकडे अशा गोष्टींचा साठा सगळ्यांत मोठा असल्यामुळे नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दिवशी तेच बोलतात. लेट्युसचं मरण ते अजून त्याच आवाजात सांगतात, फक्त आता कारण तांत्रिक नव्हतं एवढं शेवटी जोडतात.

थंडीत अक्कलकोटच्या वाटेवरच्या वळसंग गावाहून निरोप आला. महेश्वर यांची बहीण तिथे दिली आहे. तिथल्या बचत गटाला परसबाग करायची होती आणि गटातल्या निम्म्या बायका कानडी बोलणाऱ्या होत्या. निंगव्वांनी यावं, असं त्यांनी कळवलं. निंगव्वांनी दोन दिवस नाही म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी साडी काढली. टेम्पोत रोपं, पाचटाची पोती आणि चार माठ घेऊन सगळे गेले. देवळापुढच्या पारावर निंगव्वा आधी मराठीत बोलल्या, मग कानडीत, मग कशात बोलतो आहोत हे विसरून दोन्हीत. गुरुबसप्पा खाली बसून रोपांच्या पिशव्या फाडून देत होते. माती, खत, सावली, पाणी, सगळं सांगून झालं आणि निंगव्वांनी विचारलं, काही शंका?

मागे फुलाबाई नावाच्या, धनगरवाड्यावरच्या एक आजी बसल्या होत्या. "समदं खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर शेळ्यांचं काय?"

निंगव्वांनी नागम्मांकडे पाहिलं. नागम्मांनी गुरुबसप्पांकडे पाहिलं. शाकंभरी नगरात शेळ्या नव्हत्या. रुपालीला फोन लावला, तो लागला नाही.

"आमाला म्हाईत न्हाय," गुरुबसप्पा म्हणाले.

"मंग बसा," फुलाबाई म्हणाल्या. त्यांनी नातसुनेला बाभळीच्या फांद्या आणायला पाठवलं. दुपारपर्यंत सगळे मिळून कुंपण घालत होते. शेळ्या थोड्या अंतरावर उभ्या राहून बघत होत्या. गुरुबसप्पांच्या दोन्ही हातांत काटे मोडले होते, आणि निंगव्वा सुई मागायला कोणाच्या तरी घरात गेल्या होत्या, त्या अजून आल्या नव्हत्या. आतून कानडीत बोलण्याचा आवाज येत होता. सगळ्यांत जास्त त्यांचाच.